काळ्यातला हिरवा

आयव्हरी ब्लॅकच्या नळीतून वाटाण्याएवढा रंग काढायचा आणि त्यात यलो ऑकर, म्हणजे आपली पिवडी, थोडी थोडी कालवत जायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी पॅलेट नाइफखाली जे दिसू लागतं ते हिरवं असतं. भाद्रपदात करवंदीच्या जाळीला येतो तसा दाट, मळकट हिरवा, तोही निळ्याचा थेंब न घालता. ‘निळा अधिक पिवळा बरोबर हिरवा’ हे शाळेपासून पाठ असलेल्या माणसाला पहिल्यांदा पटतच नाही. कारण तसं साधं आहे. हाडं जाळून केलेला हा काळा निव्वळ काळा नसतो, त्याची ओढ निळ्याकडे असते. पांढऱ्यात गेला की तो निळसर राखाडी होतो, पिवळ्यात गेला की हिरवा आणि लालात गेला की जांभळट तपकिरी.

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर पावसाळा उताराला लागला की चित्रकारांची वर्दळ सुरू होते. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेत उतरणाऱ्या पायऱ्या, वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली ती मोठी घंटा... महाराष्ट्रातल्या कलाविद्यार्थ्याच्या वहीत हे एकदा तरी येतंच. तिथल्या ज्या रविवारच्या वर्गात मी जाऊन बसले, त्याचे सर मूळचे कोल्हापूरकडचे, माध्यमिक शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा नियम एकच. पांढरा, पिवडी, लाल, काळा. बाकीच्या नळ्या पिशवीतून बाहेर काढायच्या नाहीत. लाल म्हणजे कॅडमियम रेड लाइट. पूर्वी त्या जागी हिंगूळ असे, पण त्यात पारा असतो, त्यामुळे आता तो फारसा कोणी वापरत नाही.

एका मुलीनं विचारलं, “सर, आभाळाला निळा?”

“आधी आभाळाकडं बघ की. कुठं निळं दिसतंय तुला?” सर म्हणाले. “डोळं बारीक कर. आता सांग, आभाळ उजळ का पाणी उजळ?”

मुलगी बराच वेळ डोळे किलकिले करून उभी राहिली. रंगाचा प्रश्न तिनं विचारला होता, उत्तर उजेडाचं मिळालं. चार रंगांच्या निसर्गचित्रणाचं सगळं शिक्षण या अदलाबदलीत आहे.

या चार रंगांना जगभरचे चित्रकार ‘झॉर्न पॅलेट’ म्हणतात. अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) हा स्वीडनमधल्या मोरा गावचा चित्रकार. त्याच्या १८९६ सालच्या आत्मचित्रात हातातल्या पॅलेटवर हेच चार रंग मांडलेले दिसतात आणि तेवढ्यावरून त्यानं जन्मभर चारच रंग वापरले अशी समजूत झाली. तसं काही नव्हतं. त्याच्या मागं राहिलेल्या साहित्यात निळ्या रंगाच्या नळ्याही आहेत. जिथं चारांत भागलं तिथं त्यानं भागवलं, इतकंच. कल्पनाही त्याची नव्हेच. अपेलीससारखे ग्रीक चित्रकार चारच रंगांत कामं करत, असं रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे: मेलोस बेटावरचा पांढरा, अॅटिकाचा पिवळा, सिनोपची लाल माती आणि काळा.

मर्यादित रंगांविषयी बोलताना लोक हमखास व्रताची भाषा करतात. संयम, साधेपणा, त्याग वगैरे. मला ती पटत नाही. या चार नळ्यांमागं हिशेब आहे, आणि तो पैशाचाही आहे. मातीपासून केलेले रंग सगळ्यात स्वस्त, कॅडमियम आणि कोबाल्ट महाग. चार नळ्यांतली कॅडमियमची एक सोडली तर बाकीच्या खालच्याच दराच्या. खरा हिशेब मात्र उजेडाचा.

टोन म्हणजे एखादी जागा किती उजळ किंवा किती गडद आहे, एवढंच. ती लाल आहे की हिरवी हा पुढचा प्रश्न. आता नळीतला सगळ्यात पांढरा रंग घ्या आणि सगळ्यात काळा घ्या. पांढऱ्यावरून जेवढा उजेड डोळ्यांत येतो तो काळ्यावरच्या उजेडाच्या वीस-तीस पट असतो, त्याहून फार नाही. बाहेर मात्र उन्हात न्हालेला ढग आणि देवळाच्या गाभाऱ्याचं दार यांच्यात शेकडो पटींचा फरक असतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकात चित्रकलेवरच्या व्याख्यानांत हे नीट समजावून सांगितलं होतं. निसर्गाची नक्कल हे रंगाच्या नळीचं कामच नाही, तेवढी तिची ऐपत नाही. चित्रकाराच्या हातात राहतं ते दोन जागांमधलं नातं. गवई आपल्या गळ्याला झेपेल तो षड्ज धरतो आणि सगळा राग त्या षड्जावर उभा करतो. सूर काळी एकमधला की काळी चारमधला हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही. भूपात मध्यम आणि निषाद नसतात, म्हणून राग अपुरा वाटला असं कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. चार रंगांच्या चित्राचं तसंच. आपला सर्वांत उजळ टोन कुठला हे आधी ठरवायचं, मग बाकीचं त्याच्या मानानं.

मानानं हा शब्द महत्त्वाचा. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगकामाचा प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे एक तक्रार आली होती: काळं सूत कापडात नीट काळं दिसत नाही. त्यानं तपासलं तर सूत उत्तम होतं, शेजारचे रंग त्याला बिघडवत होते. त्यातून त्यानं १८३९ साली रंगांच्या शेजारधर्मावर भलंमोठं पुस्तक लिहिलं. मेणवलीच्या वर्गात हा ग्रंथ कोणी वाचलेला नाही, पण प्रयोग रोज होतो. पांढऱ्यात काळा मिसळून केलेली साधी राख घ्या आणि पिवडी-लालाच्या भाजक्या रंगाशेजारी लावा. ती राख निळी दिसते. कॅनव्हासवर निळा नाही आणि डोळ्यांना तो दिसतोय. त्या मुलीचं आभाळ शेवटी असंच झालं. घाटाच्या पायऱ्यांना थोडी तांबूस छटा दिली, आणि वरची राख आपोआप आभाळ झाली.

टोनचा अभ्यास करायला लागलं की एका माणसाचं नाव वारंवार कानावर येतं. जॉन कार्लसन. जन्म स्वीडनचा, आयुष्य अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकला तो उन्हाळी वर्गात निसर्गचित्रण शिकवत असे आणि १९२९ साली त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध भाग म्हणजे चार पातळ्यांचा ठोकताळा. उजेड आकाशातून येतो, म्हणून आकाश सर्वांत उजळ. त्या उजेडाकडे तोंड करून उताणी पडलेली सपाट जमीन त्याखालोखाल. डोंगराचा उतार अंग चोरून असतो, त्याला उजेड कमी मिळतो, तो तिसरा. आणि उभी झाडं सर्वांत गडद. कागदावर कुठलीही रेघ काढण्याआधी या चार पट्ट्या मनात मांडल्या की अर्धं चित्र झालंच म्हणायचं.

ठोकताळा उत्तम आहे, पण तो वुडस्टॉकच्या टेकड्यांवर तयार झाला. सह्याद्रीवर त्याचं काय होतं हे पाहण्यात खरी गंमत आहे.

वैशाखात तो जवळजवळ लटका पडतो. गवत वाळून पांढरं झालेलं, मुरमाची वाट उन्हात तळपतेय आणि आभाळ धुळीनं मळलेलं. अशा वेळी जमीन आणि आकाश यांच्यातला फरक इतका कमी होतो की कधी कधी वाटच वरचढ ठरते. कातळकड्याच्या बाबतीत मात्र ठोकताळा दुपटीनं खरा. कडा उभा म्हणून गडद आणि बसाल्टच काळा म्हणूनही गडद. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर पुन्हा उलटं. पावसात भिजलेला सडा काळातांबडा होतो आणि त्याच्या कडेचं उतारावरचं ताजं गवत त्याच्यापेक्षा उजळ दिसतं. म्हणजे दोन आणि तीन क्रमांकांची जागा बदलली. आणि आषाढात, लावणीच्या दिवसांत, भाताच्या खाचरात पाणी उभं असतं तेव्हा जमीन आभाळाचा आरसा होते. तिचा टोन आकाशाच्या इतका जवळ जातो की मधली बांधाची गडद रेघ नसती तर खाचर कुठं संपलं आणि ढग कुठं सुरू झाले हे कळलं नसतं.

कार्लसनला अपवाद ठाऊक होते, बर्फाचा तर होताच. पण मेणवलीचे सर हा ठोकताळा शिकवताना एक करतात ते मला फार आवडलं. आधी चार पातळ्या वहीत मांडायला लावतात. मग विचारतात, “आज यातलं कुठलं खोटं पडलंय?” रोज काहीतरी खोटं पडलेलं असतं. जे खोटं पडलं तेच त्या दिवसाचं चित्र.

या सगळ्यावर आणखी एक गोष्ट मात करते, ती म्हणजे हवा. जवळची आडवी जमीन दूरच्या उभ्या झाडापेक्षा उजळ असायला हवी, पण पाच मैलांवरचं झाड पायाखालच्या ओल्या मातीपेक्षा कितीतरी फिकट असतं. मधल्या हवेतल्या बाष्पाचे आणि धुळीचे कण उजेड विखुरतात आणि त्या विखुरलेल्या उजेडाचा एक पातळ पडदा प्रत्येक रांगेवर चढतो. पाचगणीच्या टेबललँडच्या कडेला पावसाची उघडीप असताना उभं राहावं. एकामागं एक डोंगररांगा, प्रत्येक मागची पुढचीपेक्षा एक पायरी फिकट. टोन शिकवण्यासाठी मुद्दाम मांडून ठेवल्यासारख्या. त्या रांगा चार रंगांत काढताना काळा कमी आणि पांढरा जास्त करत जाणं एवढंच काम असतं, पण पायऱ्या सारख्या ठेवणं महाकठीण. नवशिके पहिल्या रांगेत सगळा काळा खर्चून टाकतात आणि चौथ्या रांगेला आभाळाशी टक्कर देतात.

ही दृष्टी जिथं घडली तो भूगोलच धुक्याचा होता. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलाकाठी, बार्बिझाँ गावात चित्रकार एकोणिसाव्या शतकात मुक्कामाला जाऊ लागले. त्यांच्यातल्या कोरोची (१७९६–१८७५) उतारवयातली चित्रं अशी रुपेरी राखाडी आहेत की त्यांत कुठला रंग वापरला हे सांगता येऊ नये. १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं दाबून रंग काढायच्या पत्र्याच्या नळीचं पेटंट घेतलं आणि रंग घेऊन रानात जाणं सोपं झालं. पुढं अमेरिकेत जॉर्ज इनेस आणि त्याच्या वाटेनं जाणाऱ्यांच्या संधिप्रकाशातल्या, धूसर चित्रांना ‘टोनॅलिझम’ म्हणू लागले. इनेसचं १८९३ सालचं ‘द होम ऑफ द हेरॉन’ शिकागोच्या संग्रहालयात आहे. दलदल, काही झाडं, एक बगळा आणि सगळ्यावर एकच तांबूस संध्याकाळ.

लंडनच्या थेम्स नदीवर हा प्रकार टोकाला नेला तो व्हिस्लर या चित्रकारानं. रात्री नावेतून नदीवर जायचं, एक जागा डोळे भरून पाहायची, मग पाठ फिरवायची आणि काय पाहिलं ते सोबत्याला बोलून दाखवायचं. दिवे कुठं, किनारा किती गडद, पाणी त्याच्यापेक्षा किती उजळ. चुकलं तर परत पाहायचं. बरोबर आलं की घरी जाऊन झोपायचं आणि सकाळी रंगवायचं. सकाळी बसण्याआधी सगळे टोन पॅलेटवर कालवून तयार असत. अशाच एका रात्रीच्या आतषबाजीच्या चित्रावर रस्किन या बड्या समीक्षकानं १८७७ साली जहरी टीका केली, व्हिस्लरनं अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८७८ च्या नोव्हेंबरात तो जिंकलाही. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा पाव हिस्सा. पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं वाजलं.

व्हिस्लरची ही पाठांतराची रीत आपल्याकडे चैनीची नाही, गरजेची आहे. सूर्य आपल्याकडे जवळजवळ सरळ खाली उतरतो. मावळल्यापासून अंधारू लागेपर्यंत मुंबई-पुण्याला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. लंडनला जूनमध्ये त्याच्या दुपटीच्या जवळपास, आणि झॉर्नच्या मोऱ्यात तर तेव्हा रात्र पूर्ण काळी होतच नाही. म्हणजे ज्या वेळेवर टोनॅलिझमचा जीव, ती वेळ आपल्याकडे नळ्या उघडेपर्यंत संपते. त्या मिनिटांत रंगवायचं नसतं, पाहून ठेवायचं असतं. गंमत म्हणजे याची तालीम आपल्या शाळांत कधीपासून आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाला स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. दुर्दैवानं तिथं आपण ठरीव बाजार, ठरीव जत्रा आणि ठरीव बसस्टॉप पाठ करून जातो. पाहिलेलं आठवायचा पेपर आपण आठवलेलंच आठवायचा करून टाकला.

त्या थोड्या मिनिटांत डोळेही बदलतात. गुलमोहराखाली सहा वाजता उभं राहिलं तर फुलं पेटलेली आणि पानं मागं दडलेली. दिवेलागण झाली की फुलं काळवंडतात आणि पानं त्यांच्यापेक्षा उजळ दिसू लागतात. झाड तेच असतं. कमी उजेडात डोळ्याची लालाबद्दलची जाण आधी मंदावते आणि निळ्या-हिरव्याबद्दलची टिकून राहते. हे चेक शास्त्रज्ञ पुर्किन्येनं १८१९ च्या सुमारास फुलांकडेच पाहताना टिपलं. मोबाइलमधल्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरून टोन तपासणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. कॅमेऱ्याचा डोळा तुमच्या डोळ्यासारखा संध्याकाळी बदलत नाही. शिवाय तो सावल्या सरसकट काळ्या करून टाकतो. किलकिले डोळे फुकट मिळतात, आणि जास्त भरवशाचे आहेत.

या सगळ्या परंपरेत मला जिच्याकडे पुन्हापुन्हा जावंसं वाटतं ती क्लॅरिस बेकेट, ऑस्ट्रेलियाची. जन्म १८८७. मेलबर्नमध्ये मॅक्स मेल्ड्रम नावाचा एक हट्टी चित्रकार टोनचा वर्ग चालवत असे. त्याचं म्हणणं, आधी टोन, मग प्रमाण, रंग सगळ्यात शेवटी. विद्यार्थ्यांनी चित्र आणि दृश्य दोन्ही सारख्या अंतरावरून पाहायचं, म्हणजे मागं जायचं, पाहायचं, पुढं येऊन एक ठिपका ठेवायचा, पुन्हा मागं. बेकेट त्याच्याकडे काही महिने शिकली आणि पुढचं सगळं स्वतः. १९१९ पासून ती आईवडिलांबरोबर ब्यूमॅरिस या समुद्रकाठच्या उपनगरात राहिली. दोघांचं आजारपण, घरकाम तिच्या गळ्यात. वेगळा स्टुडिओ मिळाला नाही, स्वयंपाकघरातलं टेबल मिळालं. मोकळा वेळ पहाटेचा आणि संध्याकाळचा, म्हणून पहाट आणि संध्याकाळच तिनं रंगवली. रंगसाहित्य हातगाडीवर घालून ती फिरे.

तिनं काय रंगवलं ते पाहिलं की मेल्ड्रमच्या वर्गाची शिस्त किती दूर गेली हे कळतं. ओला डांबरी रस्ता, त्यावर समोरून येणाऱ्या मोटारीचे दोन दिवे. विजेचे खांब. धुक्यात ट्रॅम. धड कड कशालाच नाही. राखेच्या पाच-सहा छटा आणि मध्ये एखादा लाल ठिपका, मागच्या दिव्याचा. त्या काळी निसर्गचित्रात मोटार येणं हेच अनेकांना खटकत असे. तिनं वर्षामागून वर्ष मेलबर्नमध्ये प्रदर्शनं भरवली, समीक्षकांनी फारसं कौतुक केलं नाही. १९३५ साली न्यूमोनियानं ती गेली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर नोरा हायसेन या चित्रकर्तीला १९३८ चं आर्चिबाल्ड पारितोषिक मिळालं तेव्हा मेल्ड्रमनं बायकांकडून पुरुषांच्या तोडीच्या कामाची अपेक्षा करणं वेडेपणाचं आहे, अशा अर्थाचं जाहीर बोलून दाखवलं. त्याच्या पद्धतीतलं सर्वांत चांगलं काम एका बाईनं करून ठेवलेलं होतं आणि ती हयात नव्हती.

१९७० च्या सुमारास व्हिक्टोरिया राज्यातल्या एका उघड्या शेडमध्ये तिचे दोन हजारांच्या आसपास कॅनव्हास सापडले. ऊन, पाऊस आणि पॉसम या प्राण्यांनी बहुतेकांचा निकाल लावला होता. साडेतीनशेच्या थोडी वर वाचवता आली. रोझलिंड हॉलिनरेक या बाईंनी ती जमवून प्रदर्शनं भरवली आणि ऑस्ट्रेलियाला आपली एक मोठी चित्रकार पस्तीस वर्षांनी कळली.

कोल्हापूरकरांना यावरून आबालाल रहेमान आठवल्याशिवाय राहणार नाहीत. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेला, शाहू महाराजांच्या पदरी असलेला, कोल्हापूरच्या परिसराची निसर्गचित्रं काढत हिंडणारा हा चित्रकार. १९२२ साली महाराज गेल्यावर त्यानं आपली ढीगभर चित्रं तळ्यात बुडवली अशी हकीकत तिथं आजही सांगतात. १९३१ साली तोही गेला. मागं उरलं ते थोडं.

महाराष्ट्रात टोनचं शिक्षण परक्या पुस्तकांतून आलं असं मात्र नाही. १८५७ साली मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि छायाप्रकाशाचा अभ्यास इथं रुजला. गोव्याचे आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) जे.जे.तच शिकले आणि तिथंच शिकवू लागले. त्यांची चित्रं पणजीच्या फोंताइन्यशमध्ये फुंदासाव ओरिएंतच्या वास्तूत पाहायला मिळतात. अंधाराला त्यांच्याइतक्या आपुलकीनं वागवणारे आपल्याकडे कमी. दुसरी शाखा कोल्हापूरची आणि ती मला जास्त देशी वाटते. बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले चंद्रकांत मांढरे पडद्यावरचे नट म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत. पण कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात गेलं की त्यांनी पावडर शेडिंगमध्ये केलेली निसर्गचित्रं दिसतात. काळी भुकटी, कागद आणि घासायला बोट किंवा कापूस. रंग मुळीच नाही. तरी ऊन कुठल्या वेळेचं हे सांगता येतं.

मेणवलीच्या सरांनी शिकायला सुरुवात केली ती याच पावडरीवर. एकेकाळी गावोगावचे फोटो स्टुडिओवाले मयत आजोबांचा पासपोर्ट फोटो याच पद्धतीनं मोठा करून देत. सर म्हणतात, “नाकाची सावली जरा जास्त काळी झाली की घरचे म्हणायचे, आमचा आण्णा असा नव्हता. टोन चुकला की माणूसच बदलतो.”

त्यांचा अभ्यासक्रम पावडरीनंच सुरू होतो. मग तैलरंग, पण आधी चित्र नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पाच पायऱ्या नाइफनं कालवून शेजारी शेजारी लावायच्या. जमल्या की नऊ. त्यानंतर पोस्टकार्डाएवढ्या बोर्डवर मेणवलीचंच दृश्य, तेही तीन टोनमध्ये. वाडा, झाडं आणि त्यांची सावली एकच टोन, मधे रेघ नाही. इथं सगळे अडतात. वाडा आणि पिंपळ वेगळे आहेत हे डोक्याला माहीत असतं आणि डोक्याला माहीत असलेलं हाताला आवरत नाही. एक बँकेत नोकरी करणारे गृहस्थ पुन्हापुन्हा वाड्याची कड काढत होते. सरांनी त्यांच्या हातातला बारीक ब्रश काढून घेतला आणि इंचभर रुंदीचा हॉग हेअर ब्रश दिला. त्यानं कड काढताच येत नाही.

राहिला प्रश्न श्रावणाचा. करवंदीचा हिरवा चार नळ्यांत बसतो. पण लावणीनंतर महिन्याभरानं मावळात, मुळशीत, भोरला भाताचा जो पोपटी हिरवा असतो, आतून दिवा लावल्यासारखा, त्याचं काय? पिवडी आणि काळा कितीही घोटा, तो येत नाही. जो येतो तो थकलेलाच असतो. झॉर्न पॅलेटवाले इथं म्हणतात की आजूबाजूचं सगळं राखाडीत उतरवा, लालाचा अंश जास्त ठेवा, म्हणजे मधला मळका हिरवा शेजाऱ्यांच्या मानानं पोपटी वाटेल. शेव्रलचाच डाव. हा डाव चालतो. ढगाळ दिवशी तर छान चालतो, कारण ढगाळ श्रावण म्हणजे आपलं घरचं धुकं, बार्बिझाँला जायला नको. पण उघडीप झाली, ढगांतून ऊन सरळ खाचरावर पडलं, की डाव उलटतो. त्या क्षणी भात आभाळाच्या खालोखाल उजळ असतं आणि रंगानं सगळ्यांच्या वर. टोन जपावा तर पांढरा घालावा लागतो आणि पांढरा घातला की रंग विरतो. रंग जपावा तर टोन पडतो. चारांत दोन्ही मिळत नाहीत.

म्हणून वर्ग संपताना पाचव्या नळीवरून वाद होतो, आणि तो दर खेपेला तोच होतो. बँकेतले गृहस्थ अल्ट्रामरिन मागतात, डोंगरासाठी. ती मुलगी व्हिरिडियन म्हणते. सरांचं मत, पाचवी नळी कोणालाच नको. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे: लेमन यलो, आणि तोही फक्त लावणीपासून भात निसवेपर्यंत. काळ्यात तो घातला की निघणारा हिरवा पिवडीच्या हिरव्यापेक्षा दोन घरं वर चढतो आणि उजळपणाही सोडत नाही. डोंगराचा निळा राखेतून मिळतोच. दसऱ्याला भात पिवळं पडलं की लेमन यलोची नळी परत पिशवीत, कारण तेव्हा पिवडी पुरते.